एक कागद खराब

खोटं वाटत असेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

फक्त एवढंच सांगते, की हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आणि माझी आत्या म्हणजे भूत दारात उभं राहिलं तरी आधी ओळखपत्र मागेल अशी बाई. ती उगाच काही बोलत नाही.

आणि हो, ह्यात अमावस्या नाही, स्मशान नाही, रात्र तर अजिबात नाही.

गुरुवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. दुसऱ्या मजल्यावरची रक्त तपासायची लॅब, आणि तिची मागची खोली.

त्या खोलीत आत्या होती आणि एक जुनं झेरॉक्स मशीन होतं.

तिसरं कुणी नव्हतं.

निदान तिला तसं वाटत होतं...

आत्याने त्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढली. रक्त काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे. आत्याचं खातं कागदांचं. रिपोर्ट छापायचे, प्रती काढायच्या, कपाटात लावायचे, आणि ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात द्यायचा. नवरा आला तरी बायकोचा रिपोर्ट मिळायचा नाही. "त्यांची चिठ्ठी आणा," म्हणायची. माणसं चिडायची, आवाज चढवायची. ही ढिम्म! लॅबमध्ये तिला सगळे 'कुलूपबाई' म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला ते आतून आवडायचं.

तिची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळे घडलं.

झेरॉक्स मशीनमध्ये एक आकडा असतो. आजवर किती कागद निघाले त्याचा. तो फक्त वाढतो, मागे जात नाही. आत्या रोज संध्याकाळी तो आकडा वहीत लिहायची आणि दिवसभरात काढलेल्या प्रतींशी ताळा करायची. ताळा जमल्याशिवाय घरी जायची नाही. "एक कागद म्हणजे एका माणसाचं दुखणं आहे. तो रस्त्यावर फिरता कामा नये," म्हणायची.

एवढ्या वर्षांत तो ताळा एकदाच चुकला. एक कागद जास्त निघाला होता. तिने केराची टोपली उपडी केली, मशीनच्या पोटात हात घातला. कागद काही मिळाला नाही. शेवटी वहीत लिहिलं, 'एक कागद खराब', आणि विषय मिटवला.

चार वर्षं झाली त्याला.

एरवी तिने हार मानली नसती. पण तेव्हा तिचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं.

त्याच आठवड्यात आतोबांचा रिपोर्ट आला होता...

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांचं काच कापायचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या चौकटी. काचेतली केसाएवढी चीर त्यांना लांबून दिसायची. तरुणपणी एकदा काच लागून उजव्या अंगठ्याच्या पेराची दोन शकलं झाली होती. जखम भरली, पण व्रण राहिला. अंगठ्याचा ठसा मधोमध उभा दुभंगलेला. आम्ही पोरं विचारायचो, "आतोबा, हे काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही रे, अंगठ्याला भांग पाडलाय."

रोज साडेपाचला ते आत्याला न्यायला यायचे. तिचे शेवटचे पेशंट होईपर्यंत मागच्या खोलीत बसायचे. बसायचे कसले! वर्तमानपत्राचा बोळा करून झेरॉक्स मशीनची काच पुसायचे. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, गोल गोल.

कुईं... कुईं... कुईं...

"अगं, काच मळकी असली की माणसाचा जीव घुसमटतो."

"माणसाचा नाही, तुमचा," आत्या पुढून ओरडायची.

असा त्यांचा संसार.

आतोबांच्या पोटातून काढलेल्या पाण्याचा तो रिपोर्ट आला त्या दिवशी लॅबच्या मालकीणबाईंनी, म्हणजे डॉक्टरबाईंनी, आत्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "पोटात सगळीकडे पसरलंय. आता आपल्या हातात फार काही नाही. सहा-आठ महिने. त्यांना सांगा, त्यांचा हक्क आहे तो."

आत्याने मान डोलावली. मागच्या खोलीत आली. रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली. कागद काचेवर पालथा घातला आणि बटण दाबलं.

खरा रिपोर्ट कपाटात गेला. कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

घरी तिने ती प्रत आतोबांच्या हातात दिली. "साधी सूज आहे. गोळ्या घ्यायच्या, बास."

आतोबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मग मोठ्याने हसले. "बघ, म्हटलं नव्हतं? मला काय धाड भरलीय!"

सात महिन्यांनी ते गेले.

ते सात महिने आत्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. बादली भरून वाहायची, तरी नळ चालू. मग तोंड पुसून बाहेर यायची आणि म्हणायची, "काय हो, आज जेवायला काय करू?"

आणि ते गेल्यावर एकच गोष्ट तिला आतून पोखरत राहिली. 'मी ह्यांना फसवलं. कुणाला भेटायचं असेल, काही बोलायचं राहिलं असेल. मी संधीच दिली नाही. माणूस माझ्या भरवशावर राहिला आणि मी त्याला अंधारात ठेवून पाठवलं.' तेव्हापासून रोज. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. मला नाही, माझ्या बाबांना नाही.

कुलूपबाईच ती.

मग यंदा डॉक्टरबाई थकल्या आणि लॅब बंद करायचं ठरलं. सामान काढायचं काम आत्याकडे आलं. डॉक्टरबाईंनी तिला बजावलं, "हजारो लोकांची दुखणी आहेत ह्या यंत्रांत. एकही बाहेर जाता कामा नये."

आत्याने पदर खोचला.

पाच कॉम्प्युटर. प्रत्येकाची डिस्क काढून तिच्या डोळ्यांसमोर ड्रिलने भोकं पाडली. नंबर तिने स्वतः वाचले, स्वतः टिपले. हजेरीचं बोटांचे ठसे घेणारं मशीन, तेही फोडलं. पुढच्या टेबलावरचा जुना मोबाइल, ड्रॉवरमधले पेन ड्राइव्ह, सगळं. जुन्या सीड्या तर बसून कात्रीने कापल्या. वह्या आणि रिपोर्ट कागद फाडायच्या मशीनमध्ये घातले. आतोबांचा खरा रिपोर्टही त्यातच गेला. तो घालताना तिने डोळे मिटले होते म्हणे.

राहिलं झेरॉक्स मशीन. ते काय, नुसतं छापतं! त्याला कसली आलीय आठवण?

इथेच तिची चूक झाली.

सोमवारी मशीनवाला आला. हा वर्षानुवर्षं ते मशीन दुरुस्त करणारा माणूस. त्याने शेवटचा आकडा घेतला. चार लाख अठरा हजार दोनशे सहा. आत्यानेही वाकून पाहिला. त्याने चिठ्ठीवर लिहून ती मशीनला चिकटवली. ट्रेमधले कागद काढले, झाकण लावलं, प्लग काढला. गुरुवारी जुनं सामान नेणारी गाडी येणार होती.

मंगळवारी आत्या लॅबमध्ये एकटीच होती. पुढच्या खोलीत खोकी बांधत होती.

सकाळचे अकरा वाजले असतील...

मागून आवाज आला.

कुईं...

तिचे हात थांबले. खिडकीचं बिजागर असेल, म्हणाली.

कुईं... कुईं...

ती उठून मागे गेली. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी बंद होती. खोकी ओढून ओढून सगळीकडे बोटभर धूळ बसली होती. टेबलावर, फरशीवर, मशीनच्या अंगावर.

पण मशीनचं झाकण उघडं होतं...

आणि आतली काच स्वच्छ. एक कण नाही. त्या काचेवर गोल गोल ओलसर रेघा होत्या. मधून बाहेर. तिच्या डोळ्यांदेखत त्या वाळत गेल्या.

आत्याने झाकण लावलं. पुढे येऊन खोकी बांधायला बसली. हातातली सुतळी चार वेळा सुटली.

बुधवारी साडेपाच वाजले आणि सवयीने पाय मागच्या खोलीकडे वळले. आकडा बघायचा. आता कशाला बघायचा? पण सवय ती सवय. तिने प्लग लावला. मशीन घरघरलं. आकडा आला.

चार लाख अठरा हजार दोनशे...

सात.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सातच. चिठ्ठीवर सहा.

तिने मशीनवाल्याला फोन लावला. "अहो, तुमचा आकडा चुकलाय."

"मॅडम, तुम्ही स्वतः वाकून बघितलात की! एखादा कागद काढला असेल कुणीतरी."

"कोण काढणार? ट्रे रिकामे, प्लग काढलेला. आणि काढला तर तो कागद कुठाय?"

"मग मशीन म्हातारं झालंय. उद्या भंगारात जायचंय, कशाला डोक्याला ताप करून घेता?"

आत्याने फोन ठेवला. प्लग काढला. दिवा मालवून पाठ वळवली.

मागे अगदी हळू... कुईं...

ती वळली नाही. मला म्हणाली, "भीती नाही गं वाटली. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं."

गुरुवार उजाडला. दुपारी एकला गाडीवाला दोन माणसं घेऊन आला. त्याने फॉर्म पुढे केला. त्यात मशीनचा आकडा लिहायची जागा होती, आणि खाली ओळ होती, 'ह्या वस्तूत कोणतीही माहिती शिल्लक नाही.'

"करा सही, मॅडम."

"नाही करणार. आकडा जुळत नाही."

गाडीवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो, एका कागदाने काय आभाळ कोसळतंय?"

"तुमच्यावर नाही कोसळत. माझ्यावर कोसळतं. मशीनवाला आल्याशिवाय ते इथून हलणार नाही."

मशीनवाला कुरकुरत आला. मागची बाजू उघडली. आत वाकला आणि तसाच थांबला.

"मॅडम... ह्याची डिस्क नाही काढली कुणी?"

"कसली डिस्क?"

"अहो, हे मशीन आधी कागद आत साठवतं, मग छापतं. पुसलं नाही तर सगळं आतच राहतं. हे मशीन बसवल्यापासून सात वर्षांत तुम्ही जे जे काचेवर ठेवलंत ते ह्यात असणार. मी तर समजलो, तुम्ही कॉम्प्युटरबरोबर हीदेखील काढली असेल."

आत्याने फॉर्म बाजूला सारला.

सात वर्षं! कुणाच्या पोटातलं मूल, कुणाच्या छातीतली गाठ, कुणाचं लपवलेलं दुखणं. नावापत्त्यासकट सगळं गाडीत चढणार होतं. कुणीही उघडून वाचलं असतं. आणि त्या हजारांमध्ये पट्टी ठेवलेला एक रिपोर्ट...

तो एक आकडा वाढला नसता तर तिने सही करून कधीच दिलं असतं. आणि आकडा जुळला नाही तर ही बाई सही करत नाही, हे जगात एकाच माणसाला पुरतं ठाऊक होतं. तो रोज साडेपाचला तिची वाट बघत त्याच खोलीत बसायचा.

डिस्क काढली. गाडीवाल्याने तिथेच ड्रिलने तीन भोकं पाडली. आत्याने नंबर वाचला, टिपला. आकड्याच्या जागी दोनशे सातच लिहिलं. सही केली. मशीनवाला गेला. गाडीवाला आणि त्याची माणसं रक्ताच्या नमुन्यांचा मोठा फ्रीज घेऊन जिना उतरली.

आत्या मागच्या खोलीत एकटी राहिली.

घड्याळात सव्वातीन.

प्लग जमिनीवर पडलेला, तिच्या पायाशी. भोकं पाडलेली डिस्क टेबलावर. मशीन रिकामं, मागून उघडंच.

कुईं...

कुईं... कुईं...

मग आवाज थांबला. जिन्यातली धडपड ऐकू येईना. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येईनात. इतकं शांत, की तिला स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागला.

आणि झाकणाखालून उजेड सरकला...

डावीकडून उजवीकडे. सावकाश.

तिने पायाशी पाहिलं. प्लग तिथेच होता.

मशीनमधून कागद बाहेर आला.

एकच.

तिने तो उचलला. कोमट होता. आतोबांचा रिपोर्ट. पट्टी नव्हती. शेवटच्या दोन्ही ओळी स्पष्ट, वाचता येतील अशा. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. लॅबच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक प्रतीवर ते मशीन छापायचंच.

तिने पट्टी ठेवून प्रत काढली त्यानंतर दोन दिवसांनीची. संध्याकाळी पाच अडतीस.

आत्याला तो दिवस आठवला. कसा नाही आठवणार? ताळा चुकला होता तो. 'एक कागद खराब.'

आणि कागदाच्या कडेला एक अंगठा उमटला होता. कागद काचेवर धरून ठेवताना येतो तसा. त्याच्या ठशाच्या मधोमध उभी रेघ.

त्यांना माहीत होतं.

काचेतली चीर लांबून ओळखणारा माणूस तो. पट्टीच्या कडेची पुसट रेघ त्यांना पहिल्याच दिवशी दिसली असणार. मग ती पुढे पेशंटशी बोलत असताना तिच्या पर्समधून किल्ली घेतली, कपाट उघडलं, वाचलं, एक प्रत काढली, सगळं जागच्या जागी ठेवलं. आणि तिने आत येऊन हाक मारली तेव्हा काच पुसत बसले होते.

आत्या उठली. प्लग लावला. आकडा पाहिला.

दोनशे सात.

वाढला नव्हता. आधी मोजला गेलेला कागद आत्ता तिच्या हातात आला होता. ताळा जमला होता.

मग तिला एकेक आठवायला लागलं. त्या सात महिन्यांत आतोबांनी घरातल्या सगळ्या तडकलेल्या काचा बदलल्या होत्या. "दुकानात मंदी आहे, रिकामा वेळ आहे," म्हणाले होते. काच कापायचं हिऱ्याचं पेन धाकट्या भावाला देऊन टाकलं. "डोळे कमी झालेत." गॅसची टाकी कशी बदलायची ते तिला चार वेळा करायला लावलं. ती चिडली, तर म्हणाले, "अगं, मी कधी गावाला गेलो तर?" आणि रोज संध्याकाळी अर्धा तास दुकानात परत जायचे. "कुलूप नीट लागलंय का बघून येतो." डोळे लाल करून यायचे. "काचेची कणी गेली," म्हणायचे.

ती नळ सोडून रडायची. ते दुकानाचं शटर ओढून रडायचे.

एका घरात, एका ताटाला ताट लावून जेवणारी दोन माणसं. सात महिने एकमेकांना जपत राहिली. आणि एकदाही, अगदी एकदाही, एकमेकांच्या गळ्यात पडून रडली नाहीत.

गाडीवाला वर आला तेव्हा आत्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होती. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मशीनसाठी रडतेय.

हे सगळं तिने मला परवा सांगितलं. मी तिच्या घरी गेले होते. मी विचारलं, "आत्या, तो कागद कुठाय? तू तर लिहून दिलंस ना, काहीच शिल्लक नाही म्हणून?"

"रिपोर्ट ज्याचा त्याला द्यायचा असतो," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी लोकांचे रिपोर्ट दुसऱ्यांपासून जपले. एकच रिपोर्ट ज्याचा त्याच्यापासून लपवला. तो दिला आता."

तिने भिंतीकडे बोट केलं. आतोबांचा फोटो. चौकट त्यांनीच केलेली, काच त्यांनीच कापलेली. कागद तिने फोटोच्या मागे घालून चौकट पुन्हा बंद केली होती.

"आणि ऐक," ती म्हणाली. "मी आता रडते ना, तेव्हा नळ सोडत नाही. ऐकू जाऊ दे त्यांना."

ती चहा टाकायला आत गेली. मी फोटोजवळ गेले.

घरात धूळ होती. आत्याचे गुडघे गेलेत, स्टुलावर चढणं तिला जमत नाही. कपाटावर धूळ, घड्याळावर धूळ, फोटोच्या चौकटीवरही धूळ.

काच मात्र लखलखीत...

गोल गोल रेघा. मधून बाहेर.

मी हात लावला. काच कोरडी होती. मी अजून जवळ गेले. खालच्या कोपऱ्यात एक ठसा दिसला. मी पदराने पुसला. गेला नाही. पुन्हा जोर लावून पुसला.

तो बाहेरून नव्हता. काचेच्या आतल्या बाजूने होता.

अंगठ्याचा ठसा. मधोमध उभी रेघ. आणि त्याच्या भोवती, कुणी आतून तोंड जवळ आणल्यावर धरते तशी वाफ धरलेली.

मी बघता बघता ती हळूहळू विरून गेली.

आतून आत्याच्या रडण्याचा आवाज येत होता. नळ बंद होता.

मी चहा न घेताच निघाले. तिला काय सांगितलं तेही आता आठवत नाही. तिला तो ठसा माहीत आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही. रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते.